एकशे अठ्ठावीस सोमवार

चांदूर बाजारच्या भाजी हर्राशीत, म्हणजे पहाटेच्या लिलावात, जमुना गणोरकरचं नाव दोन गोष्टींसाठी निघतं. एक म्हणजे तिची मेथीची जुडी, जी कधी आतून पोकळ निघत नाही. दुसरी म्हणजे तिनं चालवलेली सासऱ्याची सेवा. म्हातारा किसनराव हृदयाच्या दुखण्यातून वाचला, तेव्हापासून त्याची संध्याकाळची गोळी ती स्वतःच्या हातानं देते. एका दिवसाचा खाडा नाही. माहेरी लग्न असो की अंगात ताप असो, दिवेलागणीला हातातला विळा खाली ठेवून बाई घरी येणार म्हणजे येणार. गल्लीतल्या सासवा आपापल्या सुनांना तिचं उदाहरण देऊन छळतात. एका महिला मंडळानं तर साडी-नारळ देऊन तिला आदर्श सून ठरवलं. जमुनानं साडी घेतली, नारळ घेतला आणि मनात म्हणाली, बायांनो, तुम्हाला काय ठाऊक.

गोळी देण्याची तिची एक रीत आहे. म्हातारा ओट्यावर बाजेवर बसलेला असतो. ती त्याच्या तळहातावर गोळी ठेवते, पाण्याचा गडू देते आणि समोर उभी राहते. गिळून झाली की म्हणते, "आ करा. जीभ वर करा." मग बैलाचे दात पाहावेत तसं डाव्या गालात, उजव्या गालात पाहते. पहिल्या वर्षी एकदा त्यानं गोळी गालात धरून ठेवली होती. जमुनाला ती दिसली. ती फक्त "पुन्हा" म्हणाली आणि गडू परत भरून आणला. गावाला ही माया वाटते. माया कसली डोंबलाची. जमुनाला म्हातारा जिवंत हवा होता, कारण मेलेल्या माणसावर सूड उगवता येत नाही.

सहा वर्षांपूर्वी तिची एकुलती एक पोर खुशी पाचव्या वर्षात असताना तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. अमरावतीच्या दवाखान्यात आठ महिने सुया, सलाइन, पाठीतून पाणी काढणं, सगळं झालं. केस गेले, पण पोर तगली. डॉक्टर म्हणाले, रक्तात आता रोग दिसत नाही, पण तो लपून बसलेला असतो, म्हणून यापुढे दोन वर्षं घरीच गोळ्या द्यायच्या. एक फिकट पिवळी, रोज संध्याकाळी, ठरल्या वेळेला. दुसरी आठवड्यातून एकदाच, गुरुवारी. जमुनानं मान हलवली, तिचा नवरा गोपालनं मान हलवली. समजावून सांगणाऱ्या सिस्टरच्या मागे वीस माणसं ताटकळत होती, त्यामुळे दोन वर्षांची शिकवणी पाच मिनिटांत उरकली.

आता भाजीवाल्याच्या घरची संध्याकाळ कशी असते, हे दवाखान्याला कोण सांगणार? पहाटेच्या हर्राशीला माल पोचवायचा तर पालक-मेथी उन्हं उतरल्यावरच उपटावी लागते, धुवावी लागते, जुड्या बांधाव्या लागतात. गोळीची वेळ व्हायची तेव्हा नवरा-बायको दोघंही वाफ्यात वाकलेले असायचे. घरी फक्त किसनराव आणि नात. म्हणून ती पिवळी गोळी आजोबांकडे गेली. कुणी ठरवलं नाही, आपसूक झालं. शेतातून आल्याबरोबर जमुना हातही न धुता विचारायची, "मामाजी, गोळी देल्ली?" आतून उत्तर यायचं, "देल्ली." ती तरी पाकीट काढून पाहायची. कालच्यापेक्षा एक खण जास्त फुटलेला असायचा. मग तिचा जीव भांड्यात पडायचा.

महिन्याच्या महिन्याला खुशीचं रक्त तपासायचे. ही गोळी नीट पोटात गेली की पांढऱ्या पेशी थोड्या खाली राहतात, आणि त्या तशाच राहाव्या लागतात. खुशीच्या वरच. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तरी वरच. पुन्हा वाढवली, तरी तेच. शेवटी त्यांनी सरळ विचारलं, गोळ्या चुकतात का? जमुना भडकली. खुशी तिच्या मांडीवर बसली होती. नुकतेच फुटलेले, जावळासारखे मऊ केस होते तिचे. त्या डोक्यावर हात ठेवून जमुना म्हणाली, "या लेकराची आन. एकबी गोळी चुकली नाई."

ही आन काय असते ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. चोरीचा आळ आला तरी लोक देवळाची पायरी शिवतात, पण लेकराच्या डोक्याला हात लावत नाहीत. खोटी घेतली तर ती त्याच डोक्यावर उलटते, असं मानणारी ही माणसं. जमुनानं खरी समजून घेतली होती.

सातव्या महिन्यात रोग परत आला, आणि या खेपेला औषधांना दाद देईना. पौषात खुशी गेली. सात पूर्ण व्हायची होती. जमुना तेव्हा रडली ती सगळ्या आया रडतात तशी. तिचा खरा राग अजून जन्मायचा होता.

तो जन्मला बियाण्याच्या डब्यात. त्या घरात बियाण्याचा डबा म्हणजे किसनरावाची सत्ता. दोडका, कारली, वाल, भोपळा, सगळ्यांचं निवडक बी तो राखेत घोळवून पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, आणि पेरणीपर्यंत त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालायचा नाही. बी ज्याच्या हातानं ठेवलं त्याच्याच हातानं निघावं, अशी त्यांची चाल. पण त्या चैत्रात म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली. जीव वाचला, पण काही महिने उठबस गेली. पेरणी तोंडावर आली, तेव्हा जमुनानं फळीवरून डबा खाली काढला. राखेत हात घातला तर दोडक्याच्या काळ्या बियांत काहीतरी पिवळं लागलं.

ती तिथंच बसली आणि एकेक वेचू लागली. एकशे अठ्ठावीस निघाल्या. समोर बाजेवर किसनराव पडला होता. तो पाहत होता. तिनं शेवटची गोळी वेचून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

फेकून का नाही दिल्या, असं कुणीही विचारील. ज्या माणसानं जन्मात एक बी वाया घालवलं नाही, त्याच्यानं डॉक्टरची गोळी उकिरड्यावर टाकवली नाही, एवढंच. आणि दडवायला त्याला आपल्या डब्याखेरीज जागा ठाऊक नव्हती.

जमुना त्या गोळ्या पदरात बांधून अमरावतीला गेली. डॉक्टरांनी त्या टेबलावर मांडून मोजल्या. मग म्हणाले, याच्यामुळेच रोग उलटला असं शंभर टक्के सांगता येत नाही, गोळ्या नीट घेऊनही काही मुलांचा उलटतो. तिला बरं वाटावं म्हणून बोलले बिचारे. पण त्यामुळे तिचा राग शांत व्हायचा तो कायमचा पेटता राहिला. शंभर टक्के असतं तर निदान हिशेब मिटला असता.

गोपालला तिनं सांगितलं नाही. नवऱ्याला ती ओळखून होती. तो दोन दिवस आरडाओरडा करील, ताट फेकील आणि तिसऱ्या दिवशी बापाच्या गळ्यात पडून रडेल. राग वाटून घेतला की पातळ होतो. तिला तो घट्ट हवा होता. आणि म्हाताऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की गोळी नेमानं घेतली तर हे दहा वर्षं काढतील. किसनराव म्हणाला, आता कशाला, आता देवानं मला उचललं तर बरं. जमुना म्हणाली, "नाई मामाजी. तुमाले जगनं हाय." त्या दिवसापासून जीभ वर करणं सुरू झालं.

दुसरं काम तिनं दवाखान्यात मागून घेतलं. रागिणी सिस्टर म्हणून त्या वॉर्डात आहेत, शांत बाई, पण कामाला पक्क्या. त्यांना जमुना म्हणाली, तुम्ही पाच मिनिटांत शिकवता, मला एक तास द्या. सिस्टरनी आधी तिलाच दोन महिने शिकवलं, आणि मग दर सोमवारी वॉर्डाबाहेरच्या खोलीत तिची शाळा भरू लागली. महिन्यातल्या एका शनिवारी ती अकोल्यालाही जाते. तिथं तिला गोळ्यावाली बाई म्हणतात.

शाळा कसली, उलटतपासणीच ती. टेबलावर काचेची बरणी ठेवलेली, घट्ट झाकणाची, आत त्या एकशे अठ्ठावीस. गोळी कोणती रोजची, कोणती आठवड्याची, हे ती प्रत्येकाकडून तीनदा म्हणून घेते, कारण आठवड्याची गोळी चुकून रोज दिली तर लेकराच्या जिवावर बेततं. मसाल्याच्या खलबत्त्यात कुटू नका. उघड्या हातानं तोडू नका. घरात कुणी पोटुशी असेल तर तिनं शिवायचीच नाही. राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका, फोन करा. ओकली तरी फोन करा. आणि मग तिचा खास प्रश्न. गोळी देता का, असं ती कधीच विचारत नाही, त्याला सगळे हो म्हणतात. ती विचारते, कोण देतं? आणि तेव्हा तुम्ही कुठं असता? या प्रश्नाला आया हटकून अडखळतात. कुणी धुण्याला असते, कुणी संत्र्याच्या छाटणीला.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस शेंदूरजनाघाटचे नत्थुजी आले. पांढरं धोतर, संत्र्याची बाग, बोलायला लोण्यासारखा माणूस. नातू शिवम सहा वर्षांचा. त्याच्या पेशी तीन महिने वरच होत्या आणि डॉक्टरांनी गोळी वाढवली होती. सिस्टरनी हे सांगितलं तेव्हा जमुना उठून उभी राहिली. तिनं शिवमच्या आईला विचारलं, गोळी कोण देतं? ती म्हणाली, मामाजी देतात. नत्थुजी लगेच पुढे झाले. रोज सोता देतो बाई, एकही चुकत नाही, पाहिजे तर नातवाची आन घेतो, असं म्हणत त्यांनी पोराच्या डोक्याकडे हात नेला.

जमुनानं तो मनगटाला धरून हवेतच अडवला. "आन घेऊ नका," ती म्हणाली.

परक्या बाईनं हात धरला म्हणून नत्थुजींना राग आला, पण माणूस सभ्य, गिळून गेले. जमुनानं बरणी पुढे सरकवली, हकीकत सांगितली. नेहमीप्रमाणं तिनं आजोबाचं नातं सांगितलं नाही, घरातलं कुणीतरी एवढंच म्हणाली. नत्थुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "असं कोनी करते का बाई? राक्षसच असन तो."

हे ऐकायला जमुनाला गोड वाटलं. परतीच्या एस्टीत ती ते मनात घोळवत बसली. परतवाड्याचा फाटा गेला, तोवर तिला त्यातली मेख कळली. नत्थुजींना बरणी पाहून भीती वाटली नाही, कारण त्यांच्या लेखी गोळ्या लपवणारा राक्षस असतो, आणि आपण काही राक्षस नाही. आपण प्रेमळ आजोबा आहोत. बरणी कितीही वेळा दाखवली तरी या माणसाच्या डोक्यात उजेड पडणार नाही. त्याला राक्षसच दाखवायला हवा. आणि तो तर आपल्या ओट्यावर बाजेवर बसलेला आहे.

इतकी वर्षं ती कशाची वाट पाहत होती, ते तिला त्या क्षणी समजलं. शिवमला सिस्टरनी पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावलंच होतं, रक्त तपासायला. पुढच्या रविवारी गोळी देऊन झाल्यावर ती सासऱ्याला म्हणाली, उद्या धुतलेलं धोतर नेसा, अमरावतीला जायचं आहे. त्यानं ते रात्रीच उशाशी ठेवलं.

सिस्टर दारातच आडव्या आल्या. हृदयाचा म्हातारा, खोलीभर लोक, काही झालं तर? जमुना म्हणाली, त्यांच्या गोळ्यांत एक दिवसाचा खंड नाही, मी जातीनं पाहते, त्यांना काही होत नाही. मग तिनं किसनरावाला टेबलाजवळ खुर्चीवर बसवलं, बरणी त्याच्या समोर ठेवली आणि नत्थुजींकडे वळली.

"मागच्या सोमवारी तुमी राक्षस म्हनले होते. आनला."

खोलीत सगळे त्या म्हाताऱ्याकडे पाहू लागले. टोपी, धोतर, कोणाच्याही घरात असतो तसा आजोबा. जमुना त्याच्या मागे उभी होती. तिनं त्याला पाणी दिलं नाही, आधार दिला नाही.

"सांगा," ती म्हणाली.

किसनराव बरणीकडे पाहत बोलला. "पोट्टीचं तोंड आलं होतं. म्हने, आबाजी, आज नको. म्या म्हनलं, एका दिवसानं काय होते. दुसऱ्या दिवशीबी आज नको. गोळी नाई खाल्ली का तिले भूक लागे, खेळे, हासे. मले वाटे, मीच तिले बरं करून राहिलो." तो थांबला. दम लागला होता. "हे माही सून रोज विचारे. मी देल्ली म्हनो. तिनं पोट्टीच्या डोक्शावर हात ठेवून आन घेतली. ते आन खोटी म्या केली. तिची नाई."

जमुनाला वाटलं होतं की हे ऐकून काळीज थंड होईल. झालंही. खोटं कशाला बोला? म्हाताऱ्याला दम लागला तेव्हा तिला सुख झालं, उघड, बिनलाजेचं सुख. फक्त ते पुरलं नाही. आणि ते शेवटचं वाक्य, तिची नाई, ते तिला त्याच्याकडून नको होतं. ते त्यानं न मागता दिलं, याचाही तिला राग आला.

नत्थुजी उठले. बाहेर जातात असं वाटलं, पण ते टेबलाशी आले. कमरेची चंची सोडली आणि सुपारीच्या खांडांखालून कागदाची पुडी काढून बरणीजवळ ठेवली. आत पिवळ्या गोळ्या होत्या. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांच्या सुनेनं तोंडावर पदर घेतला. सिस्टर मात्र पुडी उचलून शिवमला घेऊन थेट डॉक्टरांकडे धावल्या, कारण वाढवलेली गोळी आता खरोखर पोटात गेली असती तर तीच पोराला बाधली असती. डॉक्टरांनी ती पहिल्याइतकी करून दिली. त्या घरी आता गोळी आई देते आणि नत्थुजी समोर बसून कॅलेंडरावर खूण करतात. तिसऱ्या महिन्यात पेशी हव्या तिथं आल्या.

त्या सोमवारी परत येताना एस्टीत किसनरावानं विचारलं, "झालं तुहं समाधान?"

जमुना खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "एक गोळी झाली. एकशे सत्तावीस राह्यल्या."

तेव्हापासून दर सोमवारी तो जातो. बायका सोळा सोमवार करतात, याच्या वाट्याला एकशे अठ्ठावीस आले. नवी माणसं असतात, तीच बरणी असते, आणि म्हातारा पहिल्यापासून सगळं सांगतो. सांगून झालं की सिस्टर हातमोजे घालून बरणीतली एक गोळी काढतात आणि दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतात. आजारी पडला तर तो सोमवार धरत नाहीत. एकदा त्यानं तोंड आलेलं सांगायचं गाळलं, तर जमुनानं सिस्टरचा हात धरला. त्या दिवशी गोळी निघाली नाही.

पहिल्या सोमवारी संध्याकाळीच त्यानं गोपालला आपल्या तोंडानं सांगितलं. गोपालनं ताट फेकलं, आठ दिवस बापाशी बोलला नाही, आणि नवव्या दिवशी बापाच्या गुडघ्यांना तेल चोळत बसला. त्यानं बायकोलाही म्हणून पाहिलं, पुरे कर आता, म्हातारा माणूस आहे. जमुनानं त्याच्यापुढे मेथीचा ढीग लोटला आणि जुड्या बांध म्हणाली.

यात एक गोष्ट मात्र तिच्या हिशेबाबाहेर घडली. त्या खोलीत म्हाताऱ्याचं ऐकून आजवर अकरा जणांनी खिशातून, बटव्यातून, चोळीतून गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. बरणी पाहून इतक्या वर्षांत एकानंही ठेवल्या नव्हत्या. तिच्या तासापेक्षा त्याची दहा मिनिटं जास्त कामाची ठरली, हे सिस्टरनी तिला एकदा सांगितलं. जमुनाला ते पटलं. त्यानं तिचा राग कमी झाला नाही.

आता बरणीत शहात्तर उरल्या आहेत. परवा ती दिवेलागणीला घरी आली, पायाचा चिखलही धुतला नव्हता. म्हातारा बाजेवर बसून होता. तिनं तळहातावर गोळी ठेवली, गडू दिला. गोळी हातातच धरून तो म्हणाला, "शेवटची निंगाली बरनीतून, का मंग काय करशीन?"

वाफ्यात गोपाल तिची वाट पाहत होता.

"मंग तुमाले मरता येईन," ती म्हणाली.

किसनरावानं मान हलवली. गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि तिनं सांगायच्या आधीच तोंड उघडून जीभ वर केली. तिनं दोन्ही गालांत नीट पाहिलं आणि मेथी उपटायला परत गेली.